हंबीररावांना पसंत पडेल अशी गाडी

१० जानेवारी १९८८, रविवार

शुक्रवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. पंधरा फेब्रुवारीपासून मी दूध संघाचा गगनबावडा भागातला पर्यवेक्षक. खेड्याखेड्यांतल्या दूध संस्था, रोजची फिरती, आणि त्यासाठी स्वतःची मोटरसायकल पाहिजे. "एस.टी.च्या भरवशावर हे काम व्हायचं नाही, जोतीराम," साहेब म्हणाले. मी "होय साहेब" म्हटलं आणि बाहेर येऊन माठातलं दोन ग्लास पाणी प्यालो.

कालिंदीला बढतीचं सांगितलं, गाडीचं सांगितलं नाही. पण आज तिचा भाऊ हंबीरराव जेवायला होता आणि बोलता बोलता ते तोंडातून निघून गेलं. हंबीररावनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"दाजी, मग साडेतीनशे सीसीची घ्या! बाकीच्या काय गाड्या हायत व्हय? शेळ्या हायत. गाडी मी बघतो. तुम्ही काय बी काळजी करू नका."

कालिंदी वाढायची थांबली. म्हणाली, "आमटी गार व्हायलीय."

मला मोटरसायकलची भीती वाटते. हे मी या वहीशिवाय कुठंच बोललेलो नाही. सायकलवर मी म्हणाल तिकडं हिंडेन. पण बुडाखाली इंजिन थरथरायला लागलं की माझ्या तळव्यांना घाम सुटतो आणि समोरचा रस्ता अरुंद अरुंद होत जातो. कोल्हापुरात हे सांगायची सोय नाही. इथं पोराला मिसरूड फुटायच्या आत बुलेटला किक मारता येते.

१२ जानेवारी

साधी गाडी घ्यावी म्हणून चौकशी केली. साध्या गाडीला सगळ्यांचीच मागणी, त्यामुळं जुनीसुद्धा जवळपास नव्याच्या किमतीला जाते. आणि ही दोन सायलेन्सरची साडेतीनशे पेट्रोल पाण्यासारखं पिते, म्हणून हौशी लोक दोन वर्षांत टेकीला येऊन मिळेल त्या भावाला काढून टाकतात. म्हणजे माझ्यासारख्या भित्र्या, बेताच्या पगाराच्या माणसाला परवडणारी गाडी कुठली, तर जिल्ह्यातली सगळ्यात जोरात पळणारी.

हंबीरराव संध्याकाळी परत आला. दोन तास इंजिनाचं बोलत होता. एवढ्या अपघातानंतर या माणसाची छाती कशी होते मला कळत नाही. गेल्याच्या गेल्या दिवाळीत गगनबावड्याच्या रस्त्याला, कळे गावाच्या पुढं, अंधारात कंदील नसलेली बैलगाडी आडवी आली. गाडी साडेतीनशेच होती, हा चालवत होता. मागं त्याचा जिवलग दोस्त आकाराम होता, उचगावचा. आकाराम जागेवर गेला. हंबीररावचा पाय तीन महिने प्लास्टरमध्ये होता. चूक गाडीवानाची, हे पोलिसांनीही लिहिलं. तेव्हापासून हंबीररावनं आकारामचं नाव एकदाही काढलेलं मी ऐकलं नाही. गाड्यांच्या गप्पा मात्र पूर्वीपेक्षा जास्त. दगडाचं काळीज म्हणतात ते हेच.

माझ्या डोळ्यांपुढं मात्र तोच रस्ता येतो. रोज त्याच रस्त्यानं जायचं आहे मला.

१५ जानेवारी

शेजारचे गुंडू लोहार आपल्या येझदी मोटरसायकलवर मला तपोवनच्या मैदानात शिकवतात. उद्यमनगरात त्यांचा लेथ आहे, कामाला जायच्या आधी अर्धा तास देतात. आज तिसऱ्या गिअरपर्यंत गेलो. गुंडू "सोडा, क्लच सोडा!" म्हणून ओरडत होते आणि मी दात इतके आवळले होते की घरी येऊन तिळगूळ चावेना.

कालिंदीनं विचारलं, "जमतंय का?"

"चांगलं जमतंय," म्हणालो.

तिनं माझ्या हातांकडं बघितलं आणि तेल गरम करून आणलं. बोटं आखडली होती.

१७ जानेवारी, रविवार

पहिली गाडी बघितली. उद्यमनगरात एका फाउंड्रीवाल्याची, काळी. मला तरी ती लखलखीत वाटली. हंबीरराव उकिडवा बसून खालून बघत होता. चेन हलवून बघितली. पुढच्या फोर्कवर बोट फिरवून वास घेतला.

"ऑइल गळतंय."

"पावणं, सील बदललं की झालं," मालक म्हणाला.

"सील बदलून काय हुतंय? फोर्क वाकडा असंल तर? चला दाजी."

मी तोंड पाडून निघालो, पण आतून इतकं हलकं वाटलं की गंगावेशीत हंबीररावला दूध आणि कोल्ड्रिंक दोन्ही पाजलं. देव पावला.

२४ जानेवारी, रविवार

आज दोन गाड्या. पहिली शिवाजी पेठेत, कॉलेजच्या एका पोराची, लाल. दुसरी कळंब्याकडं एका ठेकेदाराची. लाल गाडीत काही म्हणजे काही दोष नव्हता. धूर बेताचा, टायर नवे, आवाज एकसारखा. मला घाम फुटला. आता घ्यावी लागणार.

पोरगा म्हणाला, "एक राउंड मारून बघा की. बोळ सोडून रंकाळ्यापर्यंत जावा."

हंबीररावनं गाडीच्या टाकीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, "पाय दुखतोय आज. चालवायला कशाला पायजे? आवाजावरनं कळतंय मला. पिस्टन वाजतोय."

मला कुठलाच आवाज ऐकू आला नाही, पण तो जाणकार. दुसरी गाडी त्यानं चॅसीला वेल्डिंग आहे म्हणून सोडली. ठेकेदारानं फडकं मारून दाखवलं, तो डांबराचा डाग होता. तरी हा म्हणाला, "आज डाग हाय, उद्या भेग निघंल."

माझी आता खात्री झाली आहे की हंबीररावला याहूनही भारी, याहूनही वेगाची काहीतरी गाडी माझ्या गळ्यात मारायची आहे. त्याशिवाय तो इतक्या चांगल्या गाड्या सोडणार नाही. माझी भीती त्यानं ओळखली असावी. तो परीक्षा बघतोय.

पायाचं मात्र नवल वाटलं. गेल्या रविवारी दुपारनंतर आम्ही सगळे जोतिबाला गेलो होतो. पायऱ्या तो माझ्या आधी चढला होता, वर कालिंदीची पिशवी घेऊन.

२७ जानेवारी

साहेबांनी विचारलं, "गाडी झाली का?" बघतोय म्हणालो. ते म्हणाले, जमत नसेल तर आत्ताच सांगा, पाटलांना पाठवतो. पाटील माझ्यानंतर नोकरीला लागलेत.

घरी आल्यावर कालिंदीशी वाद झाला. ती म्हणाली, "साधी जुनी काहीतरी घ्या. आणि दादाला ह्यात घेऊ नका."

"तुझाच भाऊ आहे. एवढं त्याला कळतंय गाड्यांतलं."

"कळतंय म्हणूनच सांगतो मी. त्याला गाडीवर बसवू नका. म्होरं न्हाय आणि मागं बी न्हाय."

माझ्या चालवण्यावर हिचा विश्वास नाही, हे उघड आहे. राग आला, पण बोलणार काय? माझा तरी कुठं आहे?

३१ जानेवारी, रविवार

कोपराला पट्टी बांधून लिहितोय, अक्षर लागलं तर नशीब.

मलकापूरला एक गाडी आहे म्हणून सासऱ्यांनीच निरोप दिला होता. बाळासो नावाचे त्यांच्या ओळखीचे गृहस्थ. मुलगा आखातात गेला, त्याची साडेतीनशे दीड वर्ष गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली. सकाळच्या एस.टी.नं मी आणि हंबीरराव गेलो. बाळासोंनी पोतं काढलं. निळी गाडी. आठवड्यातून एकदा चालू करून ठेवायचे म्हणाले, आणि किक मारली तशी पहिल्याच दणक्याला चालू झाली. गोठ्यातली म्हैस बिथरून दावं ओढायला लागली.

हंबीरराव खाली बसला. चेन बघितली. फोर्क बघितला. चॅसी इकडून तिकडून बोटानं चाचपली. बॅटरी, वायरिंग, स्पोक. परत चेन बघितली. इतका वेळ लागला की बाळासोंच्या बायकोनं दुसरा चहा केला. शेवटी तो उठला आणि हात पुसत उभा राहिला. मी वाट बघत होतो की आता काहीतरी खोट काढेल. खोट निघालीच नाही.

बाळासो म्हणाले, "घिऊन जावा. आठ दिवस वापरा, पटली तर ठेवा. पावण्यांच्यात काय यवहार मोडतोय व्हय?"

मी हंबीररावकडं बघितलं. मनात धरून बसलो होतो की कोल्हापूरपर्यंत तो चालवणार.

"दाजी, तुम्ही चालवा. मी एस.टी.नं येतो."

"अहो, मी एकटा? पन्नास किलोमीटर? ऊस चालू आहे, रस्ताभर ट्रक आहेत."

"मग गाडी राहू दे हितंच."

बाळासो आमच्या तोंडाकडं बघायला लागले. मला लाज वाटली. मी हंबीररावला बाजूला घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा खरं बोललो. "हंबीरराव, मला भीती वाटते. तुम्ही मागं बसला तर मला धीर येईल. नुसतं बसा."

तो माझ्याकडं बघत राहिला. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, माझी कीव आली याला. मग मान हलवली आणि मागं बसला.

बांबवड्यापर्यंत मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आलो. गाडी माझ्या हाताखाली दावं तोडायला बघणाऱ्या खोंडासारखी. मूठ केसभर पिळली तरी पुढं झेपावायची आणि माझं काळीज मागं राहायचं. उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली की मी मारुतीचं नाव घ्यायचो. हंबीररावनं दोन्ही हातांनी माझी कंबर धरली होती. इतका उंचापुरा गडी, आणि लहान पोरासारखा धरून बसलेला. बोटं बरगडीत रुतत होती. मी म्हटलं, "हंबीरराव, जरा सैल." पकड सुटली नाही.

वाघबिळाची वळणं लागली. उतारावर समोरून ट्रक वर येत होता आणि आमच्या बाजूला एक बैलगाडी. जागा होती. आता शांतपणे आठवलं तर भरपूर जागा होती. पण बैलगाडी दिसल्याबरोबर हंबीरराव मागून ओरडला आणि माझ्या खांद्यावरून हात घालून त्यानं हँडल धरलं. गाडी डुलली, रस्त्याखाली उतरली, मुरमावरून घसरत गेली आणि करवंदीच्या जाळीत आडवी झाली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

माझं कोपर सोललं, बाकी काही नाही. गाडीचा एक आरसा गेला. हंबीरराव दगडावर बसला होता. छाती भात्यासारखी हलत होती, आत श्वास जात नव्हता. मी त्याच्याजवळ गेलो तर माझा शर्ट दोन्ही मुठींत धरून म्हणायला लागला, "उतर आक्या. तू उतर. तू चालत ये. आक्या, उतर."

मी म्हटलं, "हंबीरराव, मी जोतीराम. दाजी."

"उतर म्हणतो न्हवं!"

डोक्याला मार लागला असणार असं मला वाटलं. चाचपून बघितलं, टेंगूळ नाही, रक्त नाही. बैलगाडीवाला धावत आला, त्यानं कळशीतलं पाणी दिलं. अर्ध्या तासानं श्वास जागेवर आला, पण तो गाडीवर बसेना आणि मलाही बसू देईना. शेवटी भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन कोल्हापूरला चाललेला टेम्पो थांबवला आणि गाडी वर चढवली. मी ड्रायव्हरजवळ बसलो. हंबीरराव पाठीमागं उभा होता, गाडीला धरून. ड्रायव्हर म्हणाला, "पावणं, बांधलीय की दोरीनं, कशाला धरताय?" त्यानं ऐकलं नाही. राजारामपुरीत आमच्या दारापर्यंत धरून उभा होता.

कालिंदीनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि मला काहीही विचारलं नाही. आज तो आमच्याकडंच झोपणार आहे. उद्या डॉक्टरांना दाखवावं, डोक्याचा फोटो काढावा लागेल बहुतेक.

२ फेब्रुवारी

काल लिहायला बसणं झालं नाही. घरात मी एकटाच आहे, म्हणून सगळं सावकाश लिहितो.

काल पहाटे कालिंदीनं मला हलवून उठवलं. "दादा न्हाय. गाडी बी न्हाय."

अंगणात चाकाची खूण तेवढी होती. मी म्हटलं, गेला असेल चक्कर मारायला, आलं डोकं ठिकाणावर. आणि शर्ट चढवताना खिशात हात गेला. किल्ली माझ्या खिशात होती. मग चालू कशी केली? तार जोडली असेल, त्याला येतं ते सगळं. कालिंदीला तसं सांगितलं तर ती भिंतीला टेकून खाली बसली.

"पहिल्यांदा रंकाळ्यावर जावा."

"रंकाळ्यावर कशाला जाईल तो एवढ्या सकाळी?"

"जावा म्हणतो न्हवं मी! मग तिकडं जावा, कळ्याच्या म्होरं, झालतं तिथं. लवकर जावा."

गुंडूंना उठवलं. त्यांनी येझदीची किल्ली माझ्या हातात दिली, स्वतः मागं बसायलाही निघाले होते, पण मी थांबलो नाही. का थांबलो नाही देव जाणे. मैदानाबाहेर मी येझदी कधी नेली नव्हती.

रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर फिरायला आलेली माणसं होती. पाण्याच्या कडेला चार-पाच जण वाकून काहीतरी बघत उभे होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कालिंदीनं मला इथं का पाठवलं, आदल्या दिवशी तो आकारामला "उतर" का म्हणत होता, लाल गाडीच्या टाकीवर हात ठेवून तो काय ऐकत होता. गाडी स्टँडला लावता येईना, तशीच भिंतीला टेकवली आणि त्या घोळक्याकडं गेलो. जाताना पावलागणिक वाटत होतं, इथूनच परत फिरावं. बघूच नये.

मेलेलं कासव होतं.

मी खाली बसून ओकलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाठ चोळली, कुठल्या पेठेतला म्हणून विचारलं. त्यांना उत्तर न देता गाडीवर बसलो आणि फुलेवाडीवरून गगनबावड्याच्या रस्त्याला सुटलो.

त्यानंतरचं नीट आठवत नाही. बालिंग्याचा पूल आठवतो, पहाटेचं धुकं आणि त्यातून अंगावर येणारे दिवे. चौथा गिअर मी त्या दिवसापर्यंत टाकला नव्हता, काल टाकला. डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यानं असेल. भीती होतीच, पण ती गाडीची नव्हती. दर वळणाला वाटायचं की पलीकडं निळं काहीतरी आडवं पडलेलं दिसेल. कळ्याच्या पुढं, अपघात झाला होता तिथलं चिंचेचं झाड आलं. रस्ता मोकळा. टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता. म्हणाला, "निळी गाडी? न्हाय बा. दुधाचा ट्रक तेवढा गेला. बसा, च्या घ्या, तोंड बगा कसं झालंय तुमचं."

परत आलो तेव्हा उन्हं वर आली होती. गुंडूंची गाडी परत केली, ते कामाला खोळंबले होते. आणि दारात एक अनोळखी माणूस कालिंदीशी बोलत उभा. उचगावहून आला होता.

"चिमणाबाईनं लावून दिलंय. तुमचं पावणं तिच्या दारात येऊन हुबा राहिल्यात. बसा म्हटलं तर बसंनात, बोलंनात."

चिमणाबाई म्हणजे आकारामची आई. अपघातानंतर आम्ही सगळे भेटून आलो होतो. हंबीरराव तेवढा गेला नव्हता. प्लास्टर होतं म्हणून, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

रिक्षा करून आम्ही दोघं गेलो. गल्लीच्या तोंडापासूनच माणसं उभी. चिमणाबाईच्या दारात निळी गाडी आणि गाडीशेजारी हंबीरराव, दोन्ही हात हँडलवर. शर्ट घामानं भिजून वाळलेला, त्यावर मिठाचे पांढरे पट्टे. एवढी जड गाडी त्यानं राजारामपुरीपासून ढकलत आणली होती. चालू केलीच नव्हती. दुखरा पाय सुजून चपलेबाहेर आला होता.

चिमणाबाई उंबऱ्यात बसली होती. वाळलेली, काटक बाई. मला म्हणाली, "दाजी का तुम्ही? बरं झालं आलासा. ह्याला काय पायजे इचारा. फाटंपासनं उभा हाय. भाकरी दिली, हातात घिऊन तसाच हुबा ऱ्हायला. शेवटी माझ्या कुत्र्यानं खाल्ली."

कालिंदी भावाजवळ गेली. "दादा, चल घरला."

तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "मावशी, मी येनार हुतो आधीच."

"सव्वा वरीस झालं," चिमणाबाई म्हणाली.

"येता येत नव्हतं."

"आला न्हवं आता?" ती उठली. गाडीभोवती फिरली. म्हशीच्या बाजारात फिरावं तशी, सीटवर थाप मारून, चाकाला पायाचा अंगठा लावून. "हीच का त्या जातीची? माझं पोरगं रातंदिस हिचंच बोलायचं. झोपंत बोलायचं. मला म्हणायचं, आई, तुला एकदा बसवतो. मी म्हणायची, मेल्यावर बसव." तिनं पदर खोचला. "बसव मला मागं."

गल्लीतली माणसं पुढं सरकली.

"मावशी, नको," हंबीरराव म्हणाला. "माझ्या मागं नको. दुसरं काय बी सांगा."

"मला दुसरं काय बी नको."

आणि मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण किल्ली माझ्याजवळ होती. मी ती खिशातच मुठीत धरली. आदल्या दिवशी वाघबिळात काय झालं ते मी बघितलं होतं. या माणसाच्या मागं एक म्हातारी बसणार, आणि त्याचा श्वास पुन्हा अडकला तर? एका घरातली दोन माणसं एकाच माणसाच्या हातून? असलं काही झालं तर तो आमच्या हाती लागायचा नाही, एवढं आता मलाही कळत होतं. मी कालिंदीकडं बघितलं. ती "म्होरं न्हाय, मागं बी न्हाय" म्हणणारी बाई. तिच्या डोळ्यांत माझ्याइतकीच भीती होती.

"द्या," ती म्हणाली.

मी दिली.

हंबीररावनं तीनदा किक मारली तेव्हा गाडी चालू झाली. पहिल्या दोन वेळा पायच बसला नाही. चिमणाबाई नऊवारीत होती, पुरुषासारखी टांग टाकून बसली आणि त्याच्या कमरेला हात घातले. ती त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. काय बोलली ते गाडीच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही, आणि मी नंतर विचारलं नाही.

गाडी माणसाच्या चालीनं निघाली. गल्लीच्या टोकाला वळली आणि उसाच्या फडाआड गेली. आम्हाला फक्त आवाज येत होता. आवाज लांब गेला. बारीक झाला. मग थांबला.

कालिंदीनं माझं मनगट धरलं. गल्लीतली एक बाई "आई अंबाबाई" म्हणाली. मी पळायला लागणार एवढ्यात आवाज पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी तो मघासारखा नव्हता, जरा मोकळा होता, गिअर पडल्याचा. फडाच्या दुसऱ्या अंगानं दोघं आली. चिमणाबाईचा पदर खांद्यावर पडला होता, केस सुटून पाठीवर उडत होते. हंबीररावचा चेहरा रडून लाल झालेला, पण श्वास चालू होता. मी फक्त त्याची छाती बघत होतो.

दारात थांबल्यावर ती उतरली. एक हात त्याच्या खांद्यावर तसाच ठेवून उभी राहिली.

"वारं लागतंय," ती म्हणाली. "आकाराम म्हणायचा, आई, वारं लागतंय गं. मी म्हणायची, वारं काय शेतात लागत न्हाय व्हय रं? कशाला पेट्रोल जाळतोस?" तिनं दुसऱ्या हातानं पदर सावरला. "पर येगळं असतंय की हे."

मग ती मोठ्यानं रडायला लागली. गल्लीतल्या बायका पुढं झाल्या. सव्वा वर्षात ती अशी रडली नव्हती असं त्यातलीच एक कालिंदीला म्हणाली. हंबीरराव गाडीवरच बसून होता, त्याची बोटं हँडलवरून सुटत नव्हती. मी एकेक करून सोडवली. माझी बोटं अशीच आखडतात, मला ते जमतं.

कालिंदी चिमणाबाईजवळ थांबली. "मी उद्या येतो बसनं," म्हणाली. मी गाडीची किल्ली पुन्हा खिशात टाकली आणि हंबीररावला विचारलं, "रिक्षा बघू?"

त्यानं गाडीकडं बघितलं. "गाडी चांगली हाय, दाजी. खोट न्हाय हिच्यात. ठेवा तुम्ही." मग म्हणाला, "तुम्ही चालवा. मी बसतो मागं. पर हळू."

"हळूच येतं मला," मी म्हणालो.

टेंबलाईच्या उताराला दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला मागं टाकून गेला. पुढं जाऊन त्यानं वळून बघितलं, गाडीत काही बिघाड आहे का म्हणून. हंबीररावनं त्याला हात केला आणि माझी कंबर आणखी घट्ट धरली.